पहिली, एकटी आणि बाकीच्या : स्त्रियांच्या सागरप्रदक्षिणेची पुस्तके

१

शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडणाऱ्या किंवा जगाला प्रदक्षिणा घालणाऱ्या स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके मराठी समीक्षेच्या वाट्याला सहसा येत नाहीत. ती ‘साहस’ या खणात पडतात. त्या खणातली पुस्तके आपण दहावी-बारावीच्या मुलींना भेट देतो, त्यांच्यातून प्रेरणा घ्यावी असे सांगतो, आणि तिथेच थांबतो. त्यांच्या रचनेबद्दल, त्यांतल्या ‘मी’बद्दल, त्यांनी काय सांगितले आणि काय गाळले याबद्दल आपण बोलत नाही. गेली काही वर्षे मी ही पुस्तके एकामागून एक वाचत आले आहे आणि माझे मत असे झाले आहे, की हा आत्मकथनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला त्याचे स्वतःचे पेच आहेत, आणि ते पेच मुखपृष्ठापासूनच सुरू होतात.

नावे पाहा. न्यूझीलंडच्या नेओमी जेम्स यांचे एक पुस्तक ‘वूमन अलोन’. ऑस्ट्रेलियाच्या के कॉटी यांचे ‘फर्स्ट लेडी’. पोलंडच्या क्रिस्टिना होइनोव्स्का-लिस्किएविच यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘पहिली, जगाभोवती’. पोलिशमध्ये तो ‘पहिली’ शब्द आपल्यासारखाच स्त्रीलिंगी आहे. तान्या एबी यांचे ‘मेडन व्हॉयेज’, ट्रेसी एडवर्ड्स यांचे नुसतेच ‘मेडन’. इंग्रजीत हा शब्द पहिल्या सफरीसाठी वापरतात आणि कुमारिकेसाठीही, म्हणजे पहिलेपण आणि मुलगीपण एकाच शब्दात. आता पुरुषांची नावे पाहा. फ्रान्सिस चिचेस्टर यांच्या पुस्तकाच्या नावात जगाभोवती फिरते ती त्यांची बोट ‘जिप्सी मॉथ’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’. बर्नार मॉयतेसिए यांचे ‘लांबचा रस्ता’ अशा अर्थाचे. बोट, आपले जग, रस्ता. यांतल्या कुणालाही मुखपृष्ठावर ‘मी पुरुष आहे’ असे सांगावे लागलेले नाही.

ही नावे बहुधा प्रकाशकांच्या सोयीची असतात, हे मान्य. पण नावात दिलेले वचन पुस्तकाला पाळावे लागते. ‘पहिली’ आणि ‘एकटी’ ही दोन वचने या पुस्तकांनी किती पाळली आणि पाळताना त्यांचे काय झाले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

‘एकटा’ या शब्दाची सुरुवात एका पुरुषाच्या पुस्तकापासून होते. जोशुआ स्लोकम हा माणूस १८९५ मध्ये बॉस्टनहून ‘स्प्रे’ नावाच्या, स्वतः दुरुस्त करून उभ्या केलेल्या बोटीतून निघाला आणि १८९८ मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्याने केलेली ही पहिली प्रदक्षिणा. ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे त्याचे पुस्तक १९०० साली आले. आजही ते या प्रकाराचे मूळ पीठ मानले जाते आणि तसे मानण्याइतके ते चांगले आहेही. त्याचे गद्य कोरडे, मिश्कील, कुठेही छाती न फुगवणारे आहे.

पण स्लोकम त्याआधी आयुष्यभर एकटा नव्हता. त्याची पहिली बायको व्हर्जिनिया ही लग्नानंतर जवळजवळ सारा संसार जहाजांवरच करीत होती. तिने जहाजांवर मुले जन्माला घातली, काही गमावली, उरलेल्यांना तिथेच शिकवले. १८८४ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या बंदरात जहाजावरच तिचा मृत्यू झाला. दुसरी बायको हेटी ही शिवणकाम जाणणारी. ब्राझीलमध्ये जहाज बुडाल्यावर स्लोकमने ‘लिबरदाद’ नावाची होडी बांधली आणि कुटुंबाला घेऊन तो त्या होडीतून अमेरिकेला परतला. त्या होडीची शिडे हेटीने शिवली होती. ‘एकट्या’च्या पुस्तकात या दोघींना फारशी जागा नाही. प्लम आणि चीज खाऊन पोटाच्या कळांनी तो निपचित पडला असताना सुकाणू सांभाळायला मदतीला येतो तो कोलंबसाच्या ताफ्यातल्या ‘पिंटा’चा भुताटकीचा नावाडी. कल्पनेतसुद्धा सोबत आली ती पुरुषाची.

शिडांच्या काळातल्या समुद्रावर स्त्रिया नव्हत्याच, हा समज मग तपासून घ्यावा लागतो. १८५६ मध्ये मेरी पॅटन ही एकोणीस वर्षांची गर्भवती मुलगी ‘नेपच्यून्स कार’ या मालवाहू शिडाच्या जहाजावर होती. कप्तान असलेला तिचा नवरा केप हॉर्नच्या वाटेवर आजारी पडला. पहिला अधिकारी कामचुकारपणामुळे आधीच कैदेत होता. मेरीला दिशाशोधनाचे गणित येत होते. तिने जहाज हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला नेले, आणि त्याच वेळी नवऱ्याची शुश्रूषाही केली. स्त्रिया समुद्रावर होत्या, कामही करीत होत्या. कथनाचा कर्ता त्या नव्हत्या. विसाव्या शतकातल्या स्त्रियांनी जेव्हा लिहायला घेतले, तेव्हा त्यांच्या हाती जो साचा आला तो स्लोकमचा. त्यात ‘एकटा’ हा शब्द आधीच, बरेच काही वगळून, तयार झालेला होता.

३

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. कोकणकिनाऱ्यावर समुद्रात जाणे पुरुषाचे आणि मासळीची विक्री, पैशाचा हिशेब बाईचा, ही वाटणी जुनी आहे. ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे फोडायला, खाडीत तिसऱ्या वेचायला जाणाऱ्या बायकांना तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगता येते. म्हणजे समुद्राचे ज्ञान त्यांना आहे, पण ते काठापर्यंतचे. भाषाही हीच सीमा पाळते. खलाशी, तांडेल, नाखवा हे शब्द पुल्लिंगी. त्यांना ‘ईण’ लावून पाहिले तर पाटील-पाटलीण या जोडीप्रमाणे कान आधी बायकोच ऐकतो. हुद्दा ऐकत नाही. सरकारी मोहिमेसाठी ‘नाविका’ हा संस्कृत वळणाचा शब्द घ्यावा लागला, यात काही नवल नाही.

मराठी साहित्यात समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्या फार लवकर आल्या आहेत. १८८३ या एकाच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ त्याच वर्षी छापला गेला. समुद्रगमन हे पाप मानणाऱ्या समाजात या दोघींचे जाणे हे कुठल्याही विक्रमापेक्षा कमी नव्हते. पण त्या प्रवासी होत्या. जहाज कुणी दुसरे चालवीत होते. पुढे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) मराठी कादंबरीला जहाज दिले. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या त्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. हॅर्टा ही देश गमावलेली ज्यू तरुणी. समुद्र तिच्यासाठी दोन नकारांमधली जागा आहे, आणि अखेर ती आयुष्य संपवते तेही समुद्रातच. ‘रणांगण’चे मोठेपण वादातीत आहे. मला इथे इतकेच नोंदवायचे आहे, की आपल्या सर्वांत महत्त्वाच्या जहाज-कादंबरीत समुद्र ही स्त्रीच्या नियतीची जागा आहे. तिच्या कामाची जागा नाही.

काम हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. ही पुस्तके वाचताना मला जे सर्वांत खरे वाटले ते त्यांतले काम. सतत ओल्या दोऱ्या, फाटलेले शीड सुई-दोऱ्याने शिवणे, डोलकाठीवर चढणे, पंपाने पाणी उपसणे, तुकड्यातुकड्यांनी झोपणे, सूर्य ढगाबाहेर आला की घाईने त्याचा कोन मोजणे. हे वर्णन वाचताना घरकामाची आठवण होते. दोन्ही कामे संपत नाहीत, आणि केली की दिसत नाहीत.

४

या दृष्टीने ॲन डेव्हिसन यांची दोन पुस्तके एकत्र वाचावीत. १९४९ मध्ये त्या आणि त्यांचे पती फ्रँक देणेकऱ्यांचा तगादा चुकवून ‘रिलायन्स’ नावाच्या जुन्या जहाजातून निघाले. इंग्लिश खाडीत वादळाने त्यांना झोडपले, पोर्टलंड बिलच्या खडकांवर जहाज फुटले, फ्रँक गेले आणि ॲन वाचल्या. ‘लास्ट व्हॉयेज’ हे पुस्तक त्या मोहिमेचे. पुढे १९५२ मध्ये ‘फेलिसिटी ॲन’ या तेवीस फुटी बोटीतून त्या एकट्या निघाल्या. कॅनरी बेटांवरून २० नोव्हेंबरला निघून पासष्ट दिवसांनी, जानेवारी १९५३ मध्ये, त्या डॉमिनिकाला पोचल्या. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ही पहिली ज्ञात स्त्री. ‘माय शिप इज सो स्मॉल’ हे त्या सफरीचे पुस्तक १९५६ चे.

पहिल्या पुस्तकाशिवाय दुसरे वाचले तर ते पराक्रमाचे वाटते. दोन्ही वाचली की कळते, ही बाई ज्या पाण्याने नवरा नेला त्याच पाण्यात परत उतरते आहे. डेव्हिसन भीतीला लपवीत नाहीत आणि तिच्यावर विजय मिळवल्याचा देखावाही करीत नाहीत. भीती त्यांच्या गद्यात हवामानासारखी असते. ती येते, राहते, कमी होते, आणि तेवढ्यात बोटीचे काम करायचे असते. साहसकथेचा ठरलेला आलेख, म्हणजे भीती, झुंज आणि विजय, इथे बसत नाही. ‘पहिली’पण या पुस्तकाच्या बाहेर घडले, आत एक विधवा रोज एक दिवस पुढे सरकते आहे. या प्रकारातले सर्वांत प्रौढ लेखन मी यालाच म्हणेन, आणि त्याचे एक कारण हे, की ‘पहिली’ या शब्दाचे ओझे तेव्हा अजून पुरते तयार झाले नव्हते.

ते तयार झाले सत्तरच्या दशकात. २८ मार्च १९७६ रोजी होइनोव्स्का-लिस्किएविच कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून ‘माझुरेक’ या बोटीतून निघाल्या. त्या जहाजबांधणीच्या अभियंता, आणि त्यांच्या बोटीच्या बांधकामावर त्यांच्या पतीची देखरेख होती. पनामा कालव्यातून त्या गेल्या आणि १९७८ च्या वसंतात परतल्या. दरम्यान सप्टेंबर १९७७ मध्ये नेओमी जेम्स इंग्लंडमधल्या डार्टमथहून निघाल्या होत्या. पूर्वी केशरचनेचे काम करणाऱ्या आणि शिडाच्या बोटींशी ओळख होऊन दोन वर्षेही न झालेल्या या तरुणीला चे ब्लाइथ यांनी बोट दिली आणि एका वृत्तपत्राने पैसा. म्हणून बोटीचे नाव ‘एक्स्प्रेस क्रुसेडर’. केप हॉर्नच्या अलीकडे बोट उलटली, सावरली, आणि जून १९७८ मध्ये २७२ दिवसांनी त्या परतल्या. चिचेस्टर यांच्यापेक्षा दोन दिवस कमी.

मग पहिली कोण? उत्तर असे निघाले, की प्रदक्षिणा करणारी पहिली होइनोव्स्का-लिस्किएविच आणि केप हॉर्नमार्गे करणारी पहिली जेम्स. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. नर्मदा परिक्रमेचे नियम आपल्याला माहीत आहेत. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही. नियम मोडला तर चालणे होते, परिक्रमा होत नाही. सागरप्रदक्षिणेचेही तसेच: सारी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचे, निघालो तिथेच परत यायचे, अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. फरक असा, की परिक्रमेचा नियम चालणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेला असतो. विक्रमाचा नियम इतरांनी मोजण्यासाठी असतो. परिक्रमावासीयाची ‘पहिला’ म्हणून नोंद होत नाही. त्यामुळे परिक्रमेच्या लेखनात वाटेत भेटलेली माणसे, कुणी दिलेली भाकरी, कुणाच्या ओसरीवरची रात्र हाच मजकूर असतो. विक्रमाच्या लेखनात हीच माणसे अडचण होऊन बसतात.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण तान्या एबी. न्यूयॉर्कमध्ये सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या या अठरा वर्षांच्या मुलीपुढे तिच्या चित्रकार वडिलांनी पर्याय ठेवला: कॉलेजचा खर्च किंवा एक बोट. १९८५ मध्ये ती ‘वरुणा’ या सव्वीस फुटी बोटीतून निघाली आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये परतली. आपल्या वरुणाचे नाव घेतलेली ही बोट. वाटेत प्रशांत महासागरात तिने एका मैत्रिणीला सुमारे ऐंशी मैल बोटीवर घेतले. हजारो मैलांतले हे ऐंशी मैल, पण त्यामुळे ‘एकटी’ची अधिकृत नोंद गेली. ‘मेडन व्हॉयेज’ मला आवडते ते याच बेहिशेबीपणासाठी. त्यात आईचे कर्करोगाने जाणे आहे, मांजर आहे, प्रेम आहे, वडिलांवरचा राग आणि त्यांची ओढ आहे. ते ऐंशी मैल काढून टाकले असते तर विक्रम राहिला असता. पुस्तक मात्र कमी खरे झाले असते.

दोन हजार नऊ-दहाच्या सुमारास ‘पहिली’च्या जागी ‘सर्वांत लहान’ आली. डच लॉरा डेकरला निघण्यापूर्वी बालसंरक्षणाच्या प्रश्नावर न्यायालयात झगडावे लागले. ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन सोळाव्या वर्षी २१० दिवस न थांबता फिरून आली, तर अंतर पुरेसे भरले नाही म्हणून तिच्यावर आक्षेप आला. दोघींच्याही पुस्तकांना आधीपासून ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: तुला जाऊ कसे दिले? हा प्रश्न मुळात पालकांना आहे, पण उत्तर मुलीच्या आत्मकथनाने द्यायचे. त्यामुळे या पुस्तकांना समुद्राआधीच खूप काही निस्तरावे लागते.

५

‘पहिली’ या शब्दाची बाजूही मांडली पाहिजे. बोटीला पैसा लागतो आणि तो पैसा देणाऱ्याला बातमी लागते. ‘पहिली स्त्री’ ही बातमी नसती तर जेम्सना वृत्तपत्राचा पैसा मिळाला असता का? त्या शब्दाने दारे उघडली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण शब्द असूनही दारे बंद राहिल्याचा इतिहासही आहे, आणि तो ‘मेडन’चा.

ट्रेसी एडवर्ड्स १९८५-८६ च्या व्हिटब्रेड शर्यतीत एका बोटीवर स्वयंपाकीण म्हणून गेल्या. पुढच्या शर्यतीसाठी त्यांनी फक्त स्त्रियांचा चमू उभा करायचे ठरवले. प्रायोजक मिळेनात. घर गहाण टाकून जुनी बोट घेतली, स्वतःच ती दुरुस्त केली. अखेर जॉर्डनचे राजे हुसेन यांच्यामुळे तिथल्या विमानकंपनीचा पाठिंबा मिळाला. ब्रिटिश क्रीडापत्रकारांत त्यांच्या चारित्र्यावर विनोद करण्यापर्यंत मजल गेली होती. १९८९-९० च्या शर्यतीत ‘मेडन’ने आपल्या गटातले दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला. दोन्ही टप्पे दक्षिण महासागराचे, म्हणजे जिथे त्या टिकणार नाहीत असे सांगितले जात होते तिथले.

‘मेडन’ची गोष्ट १९९० च्या पुस्तकात आणि २०१८ च्या ॲलेक्स होम्स यांच्या माहितीपटात आहे. मला माहितीपट अधिक सरस वाटतो, आणि कारण रचनेचे आहे. पुस्तकाला एक ‘मी’ लागतो. तो अर्थातच कप्तानाचा. माहितीपटात मात्र बाराजणींच्या चमूतल्या अनेकजणी बोलतात, कप्तानाच्या तापट स्वभावाबद्दलही बोलतात. जिंकलेल्या टप्प्यांनंतरच्या निराशाजनक टप्प्यात त्या पोहण्याच्या पोशाखात बंदरात शिरल्या आणि तेच छायाचित्र जगभर छापले गेले, याबद्दलची अस्वस्थताही त्यात राहू दिली आहे. एकटीच्या कथनात विसंवादाला जागा नसते. चमूच्या कथनात तोच मजकूर होतो.

एकटीच्या बाजूने याच प्रश्नाचे टोक गाठले ते एलेन मॅकआर्थर यांनी. चोविसाव्या वर्षी व्हांदे ग्लोब या विनाथांबा एकल शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. २००५ मध्ये ७१ दिवस १४ तासांत प्रदक्षिणा पुरी करून त्यांनी एकल प्रदक्षिणेचा जागतिक विक्रम केला. तो ‘स्त्रियांचा’ विक्रम नव्हता, सर्वांचा होता. पण बोटीवरच्या कॅमेऱ्यापुढे त्या थकून रडल्या, ते चित्रण घरोघर दिसले आणि त्यांच्या देशातल्या काही स्तंभलेखकांनी त्या रडण्याची टिंगल केली. दोन दिवस न झोपता, डोलकाठीवर चढून अंग काळेनिळे झालेल्या माणसाचे रडणे ही शारीरिक घटना आहे. पुरुषांच्या पुस्तकांत तिच्या जागी शिवी येते किंवा मौन येते. मॅकआर्थर यांच्या ‘टेकिंग ऑन द वर्ल्ड’मध्ये शाळेतल्या जेवणाचे पैसे वाचवून बोट घेणाऱ्या मुलीपासून तांत्रिक बिघाडांपर्यंत सारे तपशिलाने येते. त्यांच्या लेखनात शैलीची सफाई कमी, पण किनाऱ्यावरच्या माणसांचे श्रेय भरपूर. ‘एकटी’ हा शब्द प्रत्यक्षात किती जणांचा आहे, हे या पुस्तकाइतके उघडपणे क्वचितच कुणी सांगितले असेल.

फ्रान्सच्या इझाबेल ओतिसिए यांनी वेगळी वाट काढली. शर्यतीतून एकल प्रदक्षिणा पुरी करणारी ही पहिली स्त्री. १९९९ मध्ये त्यांची बोट दक्षिण महासागरात उलटली तेव्हा सहस्पर्धक जोवानी सोल्दिनी यांनी मार्ग बदलून त्यांना वाचवले. पुढे त्या कादंबऱ्या लिहू लागल्या. २०१५ च्या त्यांच्या कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘अचानक, एकटे’, आणि फ्रेंचमध्ये तो ‘एकटे’ अनेकवचनी आहे. अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या निर्मनुष्य बेटावर अडकलेल्या एका जोडप्याची ती गोष्ट आहे. एकल सफरींनी प्रसिद्ध झालेल्या स्त्रीला एकटेपणाबद्दल लिहायला आत्मकथन अपुरे पडले आणि दोन माणसांची कादंबरी लागली, ही मला अर्थपूर्ण निवड वाटते.

६

आता आपल्या किनाऱ्याकडे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून भारतीयाची पहिली एकल प्रदक्षिणा केली. ही बोट गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता अशा सहाजणी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले, केपटाउन हे ठरलेले थांबे. सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला एक न ठरलेला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच बोटीतून निघाल्या आणि पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून मे २०२५ च्या अखेरीस परतल्या.

या मोहिमांची भाषा मात्र अहवालाची राहिली: नारीशक्ती, स्वदेशी बांधणी, राष्ट्राचा अभिमान. अहवालाला ही भाषा लागते. पण ती वाचकाच्या हाती काही देत नाही. पहिल्या मोहिमेच्या वेळी याच नौदलातल्या स्त्री अधिकारी कायमस्वरूपी कमिशनसाठी न्यायालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्या बाजूचा निकाल मार्च २०२० चा. एकीकडे जगाला वळसा घालायला बोट मिळते, दुसरीकडे नोकरीतल्या बरोबरीसाठी वकील लागतो. हा ताण जिच्या आयुष्यात एकत्र आला असेल तिच्या लेखनात काय उतरेल, याची मला उत्सुकता आहे.

‘पहिली’ने काय उरते याचा दाखलाही आपल्याकडेच आहे. स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय स्त्री’ या रकान्यापुढे उज्ज्वला पाटील हे नाव आणि १९८८ हे साल असते. पाठ करणाऱ्या हजारो मुलामुलींना यापलीकडे काही विचारले जात नाही. बोट कुठली, सोबत कोण, रात्रीचा पहारा कसा वाटून घेत, याला रकाना नसतो.

याउलट अलीकडच्या दोन घटना मला आशा देतात. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या जुन्या साधनांनिशी करायच्या एकल शर्यतीत दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या. आपले अभिलाष टॉमी दुसरे. वाटेत बोट बुडालेल्या सहस्पर्धकाला नॉयशेफर यांनी मार्ग बदलून तराफ्यावरून उचलले, त्याच्यासोबत रमचा पेला घेतला, मालवाहू जहाजावर सोपवले आणि पुन्हा वाटेला लागल्या. शर्यतीच्या नियमांनी या वेळेची भरपाई दिली. एबींच्या ऐंशी मैलांनी गेलेला विक्रम आणि या बचावाने न गेलेला विजय शेजारी ठेवून पाहावेत. ‘एकटे’पणाचा नियम माणसाला सामावून घेण्याइतका लवचीक होऊ शकतो. आपल्याला स्त्री म्हणून वेगळे मोजू नये, अशी नॉयशेफर यांची भूमिका होती.

दुसरी घटना ‘मेडन’चीच. ती जुनी बोट दुरुस्त होऊन २०२३-२४ च्या ओशन ग्लोब शर्यतीत पुन्हा स्त्रियांच्या चमूसह उतरली आणि वेळेच्या सवलतीचा हिशेब धरून विजयी ठरली. त्या चमूत ‘तारिणी’वरच्या पायल गुप्ता होत्या. दिवाडी बेटावर बांधलेल्या बोटीवर कमावलेला हात साऊदम्प्टनहून निघालेल्या बोटीवर कामाला आला. या दोन बोटींना जोडणारा दुवा ‘पहिली’ या शब्दात मावत नाही, कारण तो कसबाचा दुवा आहे.

मराठीत हे लेखन कधी ना कधी येईल. कुणी भाषांतर करील, कुणी शब्दांकन करील, आणि कदाचित तांडेलाच्या घरातली एखादी मुलगी स्वतः लिहील. शब्दांकन करणाऱ्याला मी एवढेच सुचवीन, की तिला ‘पहिली’ असण्याबद्दल शेवटी विचारावे. आधी विचारावे, पहाटे दोनचा पहारा कुणाकडे असे, भांडण झाले तर बोलणे कसे सुरू होई, शीड कुणी शिवले, पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांचे काय केले, सुकाणू अडकले तेव्हा पहिला हात कुणाचा पडला. समीक्षकांनीही ते पुस्तक साहसाच्या खणातून काढून टेबलावर घ्यावे, आणि इतर आत्मकथनांना लावतो त्याच कसोट्या त्याला लावाव्यात.